खैरनार बाईंनी राखून ठेवलेलं उत्तर

"बाई, तुम्ही देव मानता का?"

आमच्या सातपूरच्या शाळेत हा प्रश्न दर वर्षी एकदा तरी उठायचाच, आणि उठायचा तो नववीच्याच वर्गात. आठवीपर्यंत पोरं भितात आणि दहावीत त्यांना वेळ नसतो. नववी म्हणजे शिंगं फुटलेली इयत्ता. त्यात विज्ञानाच्या खैरनार बाई रोज सकाळी प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभ्या राहायच्या, पण हात जोडायच्या नाहीत की डोळे मिटायच्या नाहीत. पोरांच्या नजरेतून असलं काही सुटतं होय! मग मागच्या बाकावरून कुणीतरी धीर करायचं, बाकीचे माना खाली घालून खुसुखुसू हसायचे आणि बाई हातातला खडू खाली ठेवायच्या.

"प्रश्न चांगला आहे," त्या म्हणायच्या. "उत्तर राखून ठेवते. ज्या दिवशी इथल्या मस्टरवर माझी शेवटची सही होईल, त्या दिवशी ये. सांगेन. तोवर तुझं तू शोध."

"बाई, नुसतं हो का नाही एवढं तरी सांगा ना!"

"ज्या हातात तुझे गुण आहेत, त्या हातानं मी तुला देव देणार नाही, आणि तुझा असलेला काढूनही घेणार नाही. चला, पान उघडा."

संपलं. पुढं कितीही गोड बोला, रुसा, पैजा लावा, बाई ढिम्म हलायच्या नाहीत. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचे. आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत म्हणून जे काही होतं ते प्लायवूडच होतं, त्यामुळे हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की कविता विसरेन, हे विसरणार नाही.

स्टाफरूममध्ये मात्र लपवाछपवी अजिबात नव्हती. तिथं त्या सरळ सांगायच्या, "मी नाही मानत." आणि मी कोण? सोमवार करणारी, चतुर्थी करणारी, गोदाकाठच्या प्रत्येक देवळात जिचा नमस्कार जमा आहे अशी बाई. आमचं कसं जमलं याचं सगळ्यांना नवल वाटायचं. त्यात नवल कसलं? माझ्या उपासाचा दिवस माझ्याआधी त्यांच्या लक्षात असायचा. "मंगल, आज चतुर्थी ना तुझी?" म्हणत डब्यातून शेंगदाण्याचा लाडू पुढं सरकवायच्या. "देव आहे का नाही ते तुझं तू बघ, पण पित्त आहे हे मला दिसतंय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

बाई सटाण्याकडच्या. सुती साडी, खांद्याला पिन, मनगटावर पुरुषी मोठ्ठं घड्याळ, आणि स्कूटरवरून उतरल्यावरही बराच वेळ डोक्यावर तसंच राहिलेलं हेल्मेट. एरवी बोलणं शुद्ध, पुस्तकी म्हणावं इतकं. पण भडकल्या की सगळं शुद्धलेखन बाजूला आणि तोंडातून थेट अहिराणी. "काय शे हाई?" एवढं कानावर आलं की पोरं ओळखायची, आता पळा.

प्रार्थनेवरून त्यांना जुन्या मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं होतं. "बाई, निदान डोळे तरी मिटा. मुलं बघतात."

"सर, सगळ्यांनी मिटल्यावर एकानं तरी उघडे ठेवायला नकोत का?"

सर चिडले. आगाऊपणा वाटला त्यांना. पण त्याच आठवड्यात प्रार्थना चालू असताना बाई रांगा कापत धावल्या आणि सातवीतली एक पोरगी फरशीवर आपटायच्या आत त्यांनी तिला धरली. आमच्याकडची पोरं कामगारांची. आईबाप सकाळच्या पाळीला गेलेले, पोरं चहाच्या घोटावर शाळेत. बाईंच्या पर्सला राजगिऱ्याच्या लाडवांचा कायमचा वास यायचा तो उगीच नाही. तेव्हापासून सरांनी तो विषय काढला नाही. मी मात्र डोळे मिटूनच राहिले. प्रार्थना माझी, पहारा त्यांचा, असं वाटूनच घेतलं होतं आम्ही.

त्या नास्तिक होत्या म्हणून दुसऱ्याच्या पूजेत खोडा घालत असतील असं कुणाला वाटेल. छे! दसऱ्याला आमच्याकडे प्रयोगशाळेची पूजा व्हायची. सातपूर आहे हो हे, इथं त्या दिवशी लेथ मशीनपासून भेळेच्या गाडीपर्यंत सगळ्यांना हार चढतो. आमचे शिपाई रंगनाथभाऊ भक्तिभावानं एकेका वस्तूला हळदीकुंकू लावत फिरायचे. एका वर्षी त्यांनी सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांनाच बोटं टेकवली. चांगली ओली, ठसठशीत बोटं! सुट्टीनंतर पोरांना कांद्याची पेशी बघायची होती, तर प्रत्येकाला लालच दिसायला लागलं. बाईंनी स्पिरिट आणि कापूस घेऊन दुपारभर भिंगं पुसली, तोंडानं अखंड अहिराणी चालू.

आम्हाला वाटलं, पुढच्या वर्षी पूजा बंद. तर पुढच्या दसऱ्याला बाई स्वतःच झेंडूची फुलं घेऊन हजर. "रंगनाथभाऊ, दाराला तोरण बांधा, नारळ फोडा, टेबलाला कुंकू लावा, काय हवं ते करा. फक्त भिंगाला बोट नाही. भिंग बघायसाठी असतं." रंगनाथभाऊंनी कान पकडले. पुढं पूजा दर वर्षी झाली आणि भिंगंही स्वच्छ राहिली. मला विचाराल तर अख्ख्या बाई एवढ्यात आल्या.

पण सगळीच माणसं रंगनाथभाऊंसारखी समजूतदार नसतात.

समीक्षा नावाची एक मुलगी होती नववीत. हुशार, पहिल्या बाकावरची, जरा तिखट. तिचे वडील मूळचे चांदवडकडचे, इथं एका छोट्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायची पॉवर प्रेस चालवायचे. त्या मशीनखाली त्यांचा उजवा हात सापडला. मनगटापासून गेला. समीक्षा आठवडाभर शाळेत आली नाही. मग एक दिवस आली. आणि विज्ञानाच्या तासाला भर वर्गात उभी राहिली.

"बाई, माझे काका म्हणतात, आमच्या पप्पांनी घरचं जागरण-गोंधळ केलं नाही, म्हणून देवाचा कोप झाला. खरंय का ते? देव आहे का? आज सांगाच."

यावेळी कुणी खुसुखुसू हसलं नाही. मी पलीकडे फळ्यावर लिहीत होते, माझाही हात थांबला. मला वाटलं, आता बाईंनी सांगून टाकावं. काय ते 'नाही' म्हणावं आणि पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरवावं. मी, सोमवार करणारी, भिंतीपलीकडे उभं राहून मनात म्हणत होते, सांगा बाई, सांगून टाका एकदाचं!

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "देव आहे का नाही, ते मी राखून ठेवलंय. ते आजही तसंच राहील. पण तुझ्या पप्पांचा हात कशानं गेला, हे राखून ठेवायची गोष्ट नाही. ते शोधता येतं. संध्याकाळी मी तुझ्या घरी येते."

"म्हणजे तुम्ही सांगणार नाही?" समीक्षा रडत ओरडली. "तुम्हाला पण भीती वाटते!"

आणि दप्तर उचलून वर्गाबाहेर गेली. बाईंनी तिला जाऊ दिलं. मधल्या सुट्टीत मी बाईंवर तुटून पडले. "कसली मेली तत्त्वं ही! लेकरू जळतंय आणि तुम्ही नियम सांगताय?"

"मंगल," त्या म्हणाल्या, "तिचा काका सांगतो देवानं केलं. मी सांगेन देवच नाही. दोघंही मोठी माणसं, दोघंही तिच्यापेक्षा वजनदार. तिनं कुणाचं ऐकायचं? ज्याचा आवाज मोठा त्याचं? तू संध्याकाळी येतेस का, ते सांग."

गेले. न जाऊन करते काय? स्कूटरच्या मागं बसून गेले.

समीक्षाचे वडील पलंगावर बसून होते, हात बँडेजात. आम्हाला बघून उठायला लागले. बाईंनी खाली बसून त्यांना एकच विचारलं, मशीनला गार्ड होता का. गार्ड म्हणजे ती पुढची जाळी, जी असली की हात आत जाऊच शकत नाही.

"व्हता ना बाई. काढून ठेवला व्हता. जाळी असली म्हंजे माल लय हळू निघतो. मालक म्हणले, काढा. समद्याच मशीनचा काढेल हाय. इम्यात बी नाव नाय कोणाचं." मग घाबरून म्हणाले, "पण तुम्ही काय बोलू नका कोणाला. मालक परत कामावर घेऊ म्हणतोय. मी आता एका हाताचा, मला कोण घेईल?"

"तुमचं नाव घेणार नाही," बाई म्हणाल्या. दारात समीक्षा उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्कशॉपमध्ये. मालक म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे देणगीदार. शाळेतल्या पाण्याच्या टाकीवर त्यांचं नाव रंगवलेलं. स्वागत झालं, चहा आला. बाईंनी चहाला हात न लावता मशीनांकडे बोट दाखवलं. प्रत्येक प्रेसवर दसऱ्याचा हार अजून लटकत होता, वाळलेला. गार्ड एकालाही नव्हता.

मालकही जरा ओशाळले असावेत. म्हणाले, "मॅडम, अपघात आहे. कुणाच्या हातात असतं का? आमच्याकडं दर दसऱ्याला यथासांग पूजा होते. गुरुजी बोलावून."

"पूजेचं मी काही विचारलंच नाही. गार्ड कोठे शे?"

अहिराणी निघाली. मी मनात म्हटलं, झालं.

"हार घाला, नारळ फोडा, मला काही अडचण नाही. गार्ड आधी लावा. आणि इथल्या माणसांची नावं कामगार विम्यात का नाहीत, ते मला सांगू नका, कारखाना निरीक्षकांना सांगा. मी इथून तिकडंच चाललेय."

आणि खरोखर तिकडंच गेल्या. पुढं बरंच झालं. साहेब आले, तपासणी झाली, गार्ड बसले, समीक्षाच्या वडिलांना भरपाई मिळाली आणि गेटवरचं कामही. सोपं नाही झालं, पण झालं. मालकांना याचा राग येणं साहजिक होतं. पण रागाचं खरं कारण चारचौघांत सांगता येईना. 'बाईंनी मला गार्ड बसवायला लावला' असं कुठल्या तोंडानं सांगणार? मग दुसरं कारण सापडलं. खैरनार बाई नास्तिक आहेत. मुलांना देवापासून तोडतात. पोरीच्या बापाचा हात तुटला तरी तिला देवाचं नाव घेऊ दिलं नाही. असं असं पसरत गेलं, मोबाईलवरून आणि किराणा दुकानातून, आणि दहा-बारा पालकांना घेऊन संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचलं.

वेळ बरोबर साधली होती. जूनमध्ये मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेनं ती खुर्ची बाईंची होती. ती त्यांना हवी होती, हे मी ठामपणे सांगते. उगीच संतपण चिकटवायचं नाही मला त्यांना. प्रयोगशाळा कशी वाढवायची, पोरांना सकाळी नाश्ता कुठून द्यायचा, सगळं त्यांनी माझ्याजवळ कितीदा बोलून ठेवलं होतं. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मीही गेले बरोबर, कुणी बोलावलं नसताना.

"बाई, मला तुमच्या कामाबद्दल शंका नाही," अण्णा म्हणाले. "रविवारी पालकसभा आहे. तिथं फक्त एवढं म्हणा, मी देव मानते. विषय संपला. जूनपासून खुर्ची तुमची."

"आणि मी नसेन मानत तर?"

"तरी म्हणा की! काय जातंय?"

"म्हणजे खोटं बोलायच्या परीक्षेत पास झाले की मुख्याध्यापिका. नापास झाले की नाही."

अण्णा हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करताहेत.

दुसऱ्या बाजूनंही ताप होताच. बाईंचे काही चळवळीतले स्नेही होते, ते घरी येऊन बसले. "हीच संधी आहे, सभेत छातीठोकपणे सांगून टाका, होय, मी नास्तिक आहे!" बाईंनी त्यांनाही चहा पाजून वाटेला लावलं. "मी शाळेत छाती ठोकायला जात नाही, शिकवायला जाते. तुम्हाला माझ्या वर्गातून अनुयायी हवेत, त्यांना भक्त हवेत. मला विद्यार्थी हवेत. निघा आता."

सभेला हॉल भरला होता. मुलंही पालकांसोबत आलेली. मालक पहिल्या रांगेत. बाई उभ्या राहिल्या. हेल्मेट हातातच. "इथं माझी मुलं बसलीत," त्या म्हणाल्या. "ज्याला ज्याला मी देव नाही असं सांगितलं असेल, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. कुणीतरी मागून म्हणालं, पोरं घाबरतात. तेव्हा समीक्षा उठली. वर्गातून उठून गेली त्या दिवसापासून ती बाईंशी बोलत नव्हती, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "रडून विचारलं होतं. बाईंनी नाही सांगितलं. म्हणून मला त्यांचा राग आला होता. अजून पण आहे. पण त्यांनी सांगितलं नाही, हे खरं आहे. त्यांनी फक्त गार्डचं सांगितलं."

हॉलमध्ये गार्ड हा शब्द ज्यांना कळायचा त्यांना कळला. कामगारांचीच वस्ती आहे ही. बऱ्याच माना पहिल्या रांगेकडे वळल्या. अण्णांनी घाईघाईनं माईक ओढला. "ठीक आहे, ठीक आहे. मग बाई, आता तुम्हीच सांगून टाका. मानता का नाही? एका शब्दात."

"पोरं समोर बसलीत," बाई म्हणाल्या. "नाही सांगणार. आजही नाही आणि तुम्ही विचारलंत म्हणून तर मुळीच नाही."

आणि बसल्या खाली. गेली खुर्ची! जूनमध्ये त्यांना डावलून एका कनिष्ठ सरांना प्रभारी नेमलं. बाईंनी शिक्षण खात्याकडे दाद मागितली, सुनावण्या झाल्या, तारखांवर तारखा पडल्या, निकाल काही लागला नाही. मला इतकी चीड आली होती की मी अण्णांच्या घरचा हळदीकुंकवाचा निरोप परत पाठवला. माझ्या कुंकवाला असल्या घरी जायची गरज नाही, असं तोंडावर सांगितलं त्यांच्या सूनबाईला. बाई मात्र रोज पहिल्या तासाला हजर. नववीच्या नव्या पोरांनी नवा धीर करून तोच प्रश्न विचारायचा आणि प्लायवूडपलीकडून तेच उत्तर यायचं. एक अक्षरही बदललं नाही.

मग बऱ्याच वर्षांनी बाई निवृत्त व्हायचा दिवस आला. निरोपसमारंभाला शाळेनं बोलावली नव्हती तेवढी माणसं आली. देवळालीहून, चांदवडहून, पुण्याहून. लेकरं कडेवर घेतलेल्या पोरी, टक्कल पडायला लागलेली पोरं. मला आधी वाटलं, प्रेम. प्रेम होतंच, पण हे सगळे वसुलीला आले होते! नववीत राहिलेलं उत्तर न्यायला. शिपाई रंगनाथभाऊ बाकं आणून आणून दमले. अण्णा व्यासपीठावर हार घेऊन बसलेले. भाषणं चालू असतानाच मागून आवाज आला, "बाई, आता सांगा!" आणि सगळा हॉल हसला.

बाईंनी घड्याळ बघितलं. "मस्टरवर सही व्हायचीय अजून. थांबा." खाली उतरल्या, ऑफिसात गेल्या, सही केली आणि परत आल्या. तोवर हॉलमधलं कुणी जागचं हललं नाही.

पुढं आली ती समीक्षा. आता एका दवाखान्यात नर्स आहे ती. कपाळावर टिकली, हातात प्रसादाचा पुडा. "बाई, झाली सही?"

"झाली."

"देव मानता?"

"बाई, समोर शाळेची मुलं आहेत," अण्णा कुजबुजले. माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"असू द्या. आता माझ्या हातात कुणाचे गुण नाहीत." मग समीक्षाकडे वळून, अगदी तासाला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "नाही मानत. कधीच मानत नव्हते. खुर्चीसाठी मानते म्हणाले असते, तर आज तुला काय तोंड दाखवलं असतं? आता तू सांग. हे ऐकून तुझं काही बदललं?"

समीक्षानं मान हलवली. "नाही बाई. मी मानते. दर चैत्रात वणीच्या गडावर पायी जाते."

मला वाटतं, त्या क्षणी अण्णांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद आला होता. पण बाईंचा चेहरा त्यांनी बघायला हवा होता. इतक्या वर्षांत मी बाईंना इतकं खूश बघितलं नव्हतं.

"कुणाचं ऐकून?" त्यांनी विचारलं.

"कुणाचंच नाही. काकांचं नाही, तुमचंही नाही. माझं मी शोधलं."

"मग झालं माझं काम," बाई म्हणाल्या. "जाताना पायात चांगली चप्पल घालत जा." आणि हात पुढं करून प्रसादाचा पुडा घेतला, उघडला, त्यातला पेढा तिथंच तोंडात टाकला.

समारंभ संपताना नेहमीची प्रार्थना लागली. सगळे उठले. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मीही मिटले होते. पण खरं सांगते, मला राहवेना. आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना अर्ध्यावर सोडून मी डोळे उघडले. व्यासपीठावर अण्णांचे मिटलेले डोळे, पुढ्यात मिटलेल्या डोळ्यांच्या रांगाच रांगा, आणि बाई जागेवर नव्हत्या. गळ्यातला हार खुर्चीवर पडलेला. त्या केव्हाच खाली उतरून पाचवीच्या रांगेत पोचल्या होत्या. एक बारकीशी पोरगी डुलायला लागली होती. बाईंनी एका हातानं तिचा दंड धरला होता आणि दुसऱ्या हातानं पर्स उघडत होत्या.